मंडळी हें कुटुंब आहे काय ?

गेल्या पावसाळ्यांत नीतिशिक्षणाच्या तासाला इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस एक प्रश्न विचारला. "सर, रविवारीं तुमच्या देवळांत सगळे जण एकमेकांना बंधु आणि भगिनी म्हणतात, असं आमच्या शेजारचा मुलगा सांगतो. मग तुमच्यांत लग्नं कशीं होतात ?" वर्गांत एकच हंशा पिकला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही हंसूं आवरलें नाहीं. मुलगा हिंदु घरचा होता. त्याच्या प्रश्नांत खोडी नव्हती, निव्वळ जिज्ञासा होती. आम्हीं त्यास थोडक्यांत उत्तर दिलें, घंटा झाली, मुलें खेळावयास पळालीं. प्रश्न मात्र आमच्या मागोमाग घरापर्यंत आला. त्या मुलानें आमचे शब्द खरे धरले होते. आम्ही स्वतः ते तसे धरितों काय, हा विचार मनांत घोळूं लागला, आणि तोच आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात आणि हें वार्षिक त्यांच्या आईबापांच्याही हातीं जातें. यास्तव प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ख्रिस्ती लोकांच्या समुदायास मराठींत 'मंडळी' म्हणतात. आमचे कॅथलिक बांधव 'ख्रिस्तसभा' हा शब्द अधिक वापरतात. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' असा आहे. ग्रीक नगरांत नागरिकांस बोलावून जी सभा भरवीत, तिचें तें नांव. त्या दृष्टीनें 'सभा' हें भाषांतर मूळ शब्दास अधिक धरून आहे. 'मंडळी' हा शब्द मात्र मराठी माणसाच्या ओसरीवरून उठून देवळांत आलेला आहे. आपण 'घरची मंडळी' म्हणतों, 'वऱ्हाडची मंडळी' म्हणतों. पंगतींत यजमान 'मंडळी, सावकाश होऊं द्या' असें विनवितो. जुन्या चालीचे गृहस्थ तर पत्नीचें नांव न घेतां 'आमची मंडळी माहेरीं गेली आहे' असें सांगत. सभेस अध्यक्ष असतो, शेवटीं आभारप्रदर्शन होतें, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि जो तो आपल्या वाटेनें जातो. मंडळी अशी गुंडाळतां येत नाहीं. ज्यांनीं हा शब्द आमच्यांत रूढ केला, त्यांनीं तो रूढ करितांना आमच्या शिरावर केवढा भार ठेविला, ह्याची त्यांस तरी कल्पना होती कीं नाहीं कोण जाणे !

आठवीच्या त्या मुलास आम्हीं सांगितलें तें असें : ख्रिस्ती मनुष्य दुसऱ्यास बंधु म्हणतो तो एका आईच्या पोटीं जन्मला म्हणून नव्हे, तर दोघेही एकाच स्वर्गीय पित्यास बाप म्हणून हांक मारितात म्हणून, तेव्हां हें नातें लग्नाच्या आड येत नाहीं. उत्तर चुकीचें नव्हतें, पण अपुरें होतें. शुभवर्तमानांत ह्या नात्याविषयीं दोन प्रसंग आहेत. प्रभु येशू लोकांच्या गर्दींत बसला असतां त्याची आई व भाऊ बाहेर येऊन उभे राहिले आणि त्यांनीं आंत निरोप पाठविला. तेव्हां भोंवतीं बसलेल्या लोकांकडे पाहून, देवाच्या इच्छेप्रमाणें जे चालतात तेच आपलीं आई-भावंडें, अशा अर्थाचें तो बोलला. हा प्रसंग वाचून पुष्कळ आईबापांस धक्का बसतो, आणि ख्रिस्ती होणें म्हणजे रक्ताचें नातें तोडणें असा समज ते करून घेतात. परंतु दुसरा प्रसंग त्याच प्रभूच्या अंतकाळचा आहे. वधस्तंभावर असह्य वेदना होत असतां त्यानें आपली आई एका शिष्याच्या स्वाधीन केली, आणि तो शिष्य तिला आपल्या घरीं घेऊन गेला. मंडळीरूपी कुटुंबाचा आरंभ कोठें झाला असें कोणी विचारील, तर आम्ही ह्या ठिकाणाकडे बोट दाखवूं. तेथें कोणाचें भाषण झालें नाहीं. एका म्हातारीच्या राहण्याजेवण्याची सोय झाली.

पुढें जी मंडळी वाढली तिचा इतिहास प्रेषितांच्या कृत्यांत व पौलाच्या पत्रांत सांपडतो. तो वाचितांना एका गोष्टीचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. ह्या लोकांचीं भांडणें पुष्कळदां जेवणावरून झालेलीं आहेत. यरुशलेमांत विधवांस रोज अन्न वाटीत. त्यांत ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागें राहतात अशी कुरकुर उठली, आणि ती मिटविण्यासाठीं सात मनुष्यें निवडावीं लागलीं. करिंथांत प्रभुभोजनास जमलेले सधन लोक आपापलें खाणें आधींच उरकून घेत आणि गरीब उपाशीं राहत. पौलानें त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली. अंत्युखियांत खुद्द पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसत असे, परंतु यरुशलेमाहून कांहीं यहूदी बंधु आल्याबरोबर तो त्या पंक्तींतून अंग काढूं लागला. पौलानें त्यासही सर्वांदेखत खडसाविलें. आमच्या भाषेंत ह्या दोषास 'पंक्तिप्रपंच' असा नेमका शब्द आहे. वाढपी एका ताटांत तुपाची धार धरितो आणि दुसऱ्या ताटापाशीं त्याचा हात आखडतो, ह्याहून मोठा अपमान मराठी घरांत नाहीं. पौलास मराठी येत नव्हती, पण ती चीड त्यास पुरी ठाऊक होती.

आतां आपल्या देशाकडे वळूं. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईंत १८१३ सालीं सुरू झालें आणि १८३१ सालीं अहमदनगरास (हल्लींचें अहिल्यानगर) त्याचें ठाणें बसलें. तेथें १८३९ सालीं हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि त्यांचे बंधु नारायण ह्या ब्राह्मण बंधूंनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं अशा मनुष्यावर काय कोसळत असे, हें आजच्या मुलांस समजणें कठीण आहे. जात बहिष्कार घाली, पाणवठा तुटे, आप्तेष्ट तो मेला असें धरून चालत. वडिलार्जित मिळकतींतील वांटाही जाण्याचें भय असे, कारण धर्मांतरामुळें वारसा बुडूं नये अशी तजवीज करणारा कायदा १८५० सालीं झाला. खेड्यांतील महारमांग बंधु ख्रिस्ती झाले, त्यांच्यापाशीं सोडण्यास वाडे व जमिनी नव्हत्या. परंतु गांवकीच्या तुटपुंज्या हक्कांवर पाणी सोडण्याची पाळी त्यांच्यावरही पुष्कळदां आली. अशा लोकांस मंडळी हेंच घर झालें. त्यासाठीं कोणीं प्रवचनें करावीं लागलीं नाहींत. दुसरें घर उरलेंच नव्हतें.

तथापि घर झालें तें एका रात्रींत झालें असें मात्र कोणीं समजूं नये. नारायण वामन टिळक ह्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं तो घेतला १९०० सालीं. मधल्या काळाची हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या आत्मचरित्रांत आहे, आणि प्रत्येक शाळकरी मुलानें ती वाचावी अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही बाईंचें सोंवळें चालूच होतें. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. तें सुटलें तें हळूहळू, एकेका घांसागणिक म्हटलें तरी चालेल. आम्हांस हें वर्णन कित्येक उपदेशांहून मोलाचें वाटतें, कारण दुसऱ्याच्या हातचें पाणी पिण्यास मनुष्याला आंतून किती झगडावें लागतें, तें बाईंनीं कांहीं न झांकतां सांगितलें आहे. आणि पुढें ह्याच बाईंच्या घरीं कोण कोण जेवून गेलें नाहीं ! पोरकीं मुलें राहिलीं, विद्यार्थी राहिले. बालकवि ठोंबरे हिंदु होते; त्यांसही ह्या जोडप्यानें नगरास आपल्या घरीं पोटच्या मुलासारखें ठेवून घेतलें होतें. इकडे पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपासमारीनें अर्धमेल्या झालेल्या शेंकडों मुली केडगांवास आणून वांचविल्या, त्याही अशाच एका घरांत वाढल्या.

येथवर लिहून लेखणी खालीं ठेवावी आणि पूर्वजांच्या पुण्याईवर समाधान मानावें असा मोह होतो. आमच्या मंडळ्यांचे वर्धापनदिन असेच साजरे होतात. परंतु आठवीतल्या त्या मुलाचा प्रश्न पुनः आडवा येतो : तुमच्यांत लग्नें कशीं होतात ? त्यास हंसण्यावारीं नेण्यांत आमची चूक झाली, कारण त्याच्या न कळत त्यानें आमच्या वर्मावर बोट ठेविलें होतें. पंगत एक झाली, पेला एक झाला. ह्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे. परंतु मुलीस स्थळ पाहावयाची वेळ आली कीं, उपासनेंत शेजारीं बसून एकाच पुस्तकांतून भजन म्हणणारे दोन बंधु हळूच एकमेकांच्या मूळ गांवाची व आजोबा-पणजोबांची चौकशी करूं लागतात. 'मूळचे कोण ?' हे दोन शब्द आम्हीं दुसऱ्यांच्या घरींच ऐकले आहेत असें नाहीं. आमच्या स्वतःच्या माजघरांत, आमच्या प्रेमळ वडील माणसांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि त्या वेळीं आम्ही गप्प बसलों आहों. चार पिढ्या ज्या बापास आपण एकत्र हांक मारिली, त्याचें नांव ह्या चौकशींत कोणी घेत नाहीं. तरुण वाचकांपैकीं कांहीं जण लवकरच ह्या प्रसंगांत सांपडतील. त्यांनीं निदान तो प्रश्न मोठ्यानें विचारावयास लावावा. कुजबुजींत तो फार दिवस जगतो.

असो. लग्न हा आयुष्यांत एकदां येणारा प्रसंग आहे. कुटुंब खरें कीं खोटें हें ओळखण्याची आणखी एक खूण आहे, ती दर आठवड्यास हातीं येते, आणि तीच ह्या लेखांत मुख्यतः सांगावयाची आहे. घरांत रात्रीं पानें वाढलीं आणि एक जण आला नाहीं, तर आई झांकण काढण्यापूर्वीं विचारते, 'तो कोठें आहे ?' जेवावयास आलेल्यांची मोजदाद खानावळवालाही करितो. न आलेल्याची आठवण घरींच होते.

आमच्या मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. दवाखान्यांत आयाचें काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकुलता मुलगा परगांवीं वारला होता. बायकांच्या बाजूस तिसऱ्या बांकावर खिडकीपाशीं त्यांची जागा ठरलेली असे. भजन त्या सर्वांहून मोठ्यानें म्हणत, परंतु सूर कधीं सांपडत नसे, आणि आमच्यासारखे कांहीं जण मान वळवून पाहत. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत एका रविवारीं त्या आल्या नाहींत. पुढच्या रविवारींही आल्या नाहींत. भजन सुरांत होऊं लागलें. सांगावयास लाज वाटते, पण तें आम्हांस बरें वाटलें. आज बरें कां वाटतें आहे, ह्याचा विचार मात्र आम्हीं केला नाहीं. पांचव्या रविवारीं उपासनेनंतर खजिनदारांनीं वही चाळून विचारलें कीं, ह्या बाईंची वर्गणी कशी आली नाहीं, त्या तर महिन्याच्या पहिल्या रविवारीं न चुकतां देतात ? बाईंची आठवण मंडळीस झाली ती अशी. बाई आल्या नाहींत हें वहीस कळलें, आम्हांस कळलें नाहीं.

आम्ही चौघे जण फळें घेऊन त्यांच्या चाळींत गेलों. न्हाणींत पाय घसरून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें होतें. शेजारच्या मुसलमान बाईंनीं त्यांस रिक्षांत घालून इस्पितळांत नेलें होतें. त्यांचा मुलगा रात्रीं उशाशीं बसत होता. घरीं आणल्यावर सकाळचा चहा आणि दोन वेळचा भात त्यांच्याच घरून येत होता. शेजारीणबाईंनीं आम्हांस बसावयास खुर्च्या दिल्या आणि मग म्हणाल्या, "आजी रोज विचारायच्या, आज कुणी आलं का. मी म्हणायचे, येतील. तुमचा पत्ता आम्हांला ठाऊक नव्हता. त्यांचा तर तुम्हांला ठाऊक होता ना ?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. आजींनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "माझ्या जागेवर कोण बसतं आतां ?" ती जागा रिकामी होती कीं भरली होती, हें आम्हां चौघांपैकीं कोणासही सांगतां येईना.

आठ महिन्यांनीं त्या वारल्या. प्रेतक्रियेस देऊळ भरून गेलें होतें, पुष्पचक्रें आलीं होतीं, उपदेशांत त्यांस 'आमची प्रिय भगिनी' असें तीन वेळां म्हणण्यांत आलें. शेजारीणबाई आणि त्यांचा मुलगा दाराशीं उभे होते. त्यांस पुढें आणून बसवावें हें त्या दिवशींही कोणास सुचलें नाहीं.

आम्ही शिक्षक आहों. शाळेंत आम्ही रोज हजेरी घेतों. एखादा मुलगा तीन दिवस दिसला नाहीं तर त्याच्या घरीं चिठ्ठी जाते, नाहींतर फोन जातो. ही शिस्त आमच्या हाडांत मुरलेली आहे. आणि तोच मनुष्य रविवारीं देवळांत बसून पांच आठवडे एका रिकाम्या जागेकडे पाहतो व त्यास कांहीं दिसत नाहीं ! ह्याचें कारण शोधूं लागलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, मंडळी हें कुटुंब आहे असें आम्ही इतक्या वेळां म्हटलें आहे कीं, तें आपोआप चाललेंच असेल असें आम्ही गृहीत धरितों. पूर्वींच्या ख्रिस्ती मनुष्यास बाहेरच्या जगानें हांकून दिलें होतें, म्हणून आंतल्या माणसांस एकमेकांवांचून गत्यंतर नव्हतें. आज कोणी आमचें पाणी तोडीत नाहीं. नोकरी आहे, शेजार चांगला आहे, नातलग आहेत. ही देवाची कृपाच आहे. परंतु जें घर निरुपायानें बांधलें गेलें होतें, तें निरुपाय सरल्यावर उभें ठेवावयाचें तर कोणींतरी रोज उठून त्याच्या कुडास माती लावली पाहिजे.

हें कसें करावें ह्याचा एक धडा इंग्लंडच्या इतिहासांत आहे. १७४२ सालच्या फेब्रुवारींत ब्रिस्टल शहरीं जॉन वेस्ली ह्यांचे अनुयायी आपल्या प्रार्थनामंदिराचें कर्ज कसें फेडावें ह्याचा विचार करीत होते. एका कप्तानानें सुचविलें कीं, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. पुष्कळांस तेवढेंही परवडत नाहीं, अशी हरकत निघाली. त्यावर तो म्हणाला कीं, अकरा अत्यंत गरीब माणसें माझ्याकडे द्या. मी आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन, आणि ज्यास जमणार नाहीं त्याची भर मी घालीन. असें इतरांनींही पत्करलें. पेन्या गोळा होऊं लागल्या, पण त्याहून मोठें फळ वेगळेंच होतें. घरोघर जाणाऱ्या ह्या माणसांस कळूं लागलें कीं, कोणाच्या घरीं आजार आहे, कोणाच्या घरीं भांडण आहे, कोण दारूकडे वळला आहे. वेस्लींनीं तें हेरलें, आणि सुमारें बारा बारा माणसांचे 'वर्ग' पाडून प्रत्येकावर एक नायक नेमिला. मेथडिस्ट मंडळीची शक्ति पुढें पुष्कळ काळपर्यंत ह्या वर्गांत होती. वर्ग हा शब्द आमच्या धंद्यांतला असल्यामुळें आम्हांस ही गोष्ट विशेष गोड लागते. पण मौज पहा : तेथेंही आरंभ पैशाच्या वहीपासूनच झाला. आमच्या खजिनदारांस आम्ही मनांतल्या मनांत दूषण दिलें तें अन्यायाचें होतें. त्यांच्यापाशीं निदान वही होती.

भारतांतही एक उदाहरण आहे. मिझोरमांतील ख्रिस्ती स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ तांदूळ मंडळीसाठीं बाजूस काढून ठेवितात. ही चाल १९१० सालीं सुरू झाली आणि आजही चालू आहे. ह्या मुठींतून दर वर्षीं कोट्यवधि रुपये उभे राहतात. आकड्यापेक्षां आम्हांस त्यांतील वेळ मोलाची वाटते. दिवसांतून दोन वेळां, स्वतःच्या मुलाबाळांचें अन्न शिजवितांना, घराबाहेरील कोणाची तरी आठवण हातास होते. रविवारच्या पेटींत नोट टाकण्यानें ती होत नाहीं.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते आम्हांस ऐकूं आलेले आहेत. पहिला असा कीं, घरोघर जाणें हें पाळकांचें काम आहे. एका पाळकाकडे किती घरें व किती खेडीं असतात, हें म्हणणाऱ्यानें मोजून पाहावें, म्हणजे ह्या आक्षेपास आणखी उत्तर लागणार नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणतात, 'आम्हांस कोणी विचारावयास आलेलें नको. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरीं जाते.' हें खरें आहे. कुटुंब म्हटलें कीं चोंबडेपणा आला, टोमणे आले. ज्यास चुलती आहे त्यास हें वेगळें सांगावयास नको. ब्रिस्टलांतही हाच अनुभव आला. कित्येक सभासद दुसऱ्याच्या घरीं चाकरीस असत, आणि मालकांस ही ये-जा खपत नसे. तेव्हां घरीं जाण्याऐवजीं वर्गानें एके ठिकाणीं जमावें असें ठरलें. यास्तव जाणारानें दारांत उभें राहून विचारावें, बोलाविल्यास आंत जावें, ऐकिलेलें पोटांत ठेवावें. आणि ज्यास हें साधत नाहीं त्यानें हें काम अंगावर घेऊं नये. तिसरा आक्षेप आमच्या हिंदु व मुसलमान वाचकांच्या मनांत येईल : विश्वासणाऱ्यांचें कुटुंब म्हणजे इतरांस दार बंद काय ? त्यांस आम्ही त्या शेजारीणबाईंची आठवण देतों. पांच आठवडे त्या बाईंनीं आमचें काम केलें. त्यांस परकें म्हणण्याचें तोंड आम्हांस नाहीं.

गेल्या नोव्हेंबरांत आमच्या मंडळींतील सात जणांनीं एक वही घातली आहे. तींत वर्गणीचा रकाना नाहीं. प्रत्येकाकडे दहा घरें आहेत. ज्या घरचें कोणी दोन रविवार दिसलें नाहीं, त्या घरीं त्यानें तिसऱ्या रविवारच्या आंत जाऊन यावें, एवढाच नियम आहे. आमच्या शाळेंतील दोन विद्यार्थी आपण होऊन आमच्याबरोबर येऊं लागले आहेत. त्यांतील एक तोच, ज्यानें लग्नाचा प्रश्न विचारला होता. त्याच्या वडिलांची परवानगी आम्हीं घेतली आहे. म्हाताऱ्या माणसांशीं आमच्यापेक्षां त्याचें अधिक जमतें.

आमच्या वांट्याच्या दहा घरांपैकीं एक घर दोन्ही खेपांस बंद आढळलें. शेजारीं विचारतां कळलें कीं, नवराबायको दोन मुलांसह ऊसतोडीस कोल्हापुराकडे गेलीं आहेत. थोरली मुलगी आमच्याच शाळेंत सहावींत होती, तिचें नांव हजेरीपटावर अजून आहे. १९७० सालीं २९ नोव्हेंबरास नागपुरास सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हांपासून नगर व कोल्हापूर येथील आम्ही लोक कागदोपत्रीं एका घरचे आहों. त्या आधारावर आम्हीं तिकडील एका पाळकांस फोन केला. ते म्हणाले, "गुरुजी, कारखान्याचं नांव आणि मुकादमाचं नांव मिळवून द्या, मी फडावर जाऊन त्यांना भेटतों." कारखान्याचें नांव मिळालें आहे. मुकादमाचें मिळावयाचें आहे; ज्या पालकांस ठाऊक असेल त्यांनीं शाळेंत कळवावें.